शब्द पाठ होतात, पण तोंडात येत नाहीत

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं इंग्रजी शब्दसंपदेबद्दलची आहेत, म्हणून हा अंक त्यांचाच. सुरुवातीला एक खुलासा. मी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिते म्हणून तिघांनी तक्रार केली आहे. ते मुद्दाम करते. स्पेलिंग शोधायला कोश उघडाल, तेव्हा शेजारचे दोन शब्दही नजरेखालून जातील. गेली २८ वर्षं भाषांतर करून पोट भरते आहे आणि निम्मे शब्द मला असेच, दुसराच कुठला तरी शोधताना सापडले.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी रोज वीस इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत लिहून पाठ करतो. अकराशे झाले. परवा मागची पानं उघडली तर वाटलं, हे शब्द मी कधी लिहिलेच नव्हते. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? (एक परीक्षार्थी)

स्मरणशक्तीला बोल लावू नका. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं काहीच अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून, ती किती वेळात विसरतात हे स्वतःवरच तपासलं आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. आधी भराभर गळती, मग हळूहळू. तुम्ही नेमकं तेच करताय, फक्त त्याची अक्षरं निरर्थक होती आणि तुमची तशी वाटतात.

तुम्ही वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत, बरं केलंत. त्यात स्टबर्न, ऑब्स्टिनेट, ऑबड्युरेट, टेनेशस आणि पर्सिस्टंट असे पाच शब्द वेगवेगळ्या ओळींवर आहेत आणि पाचांपुढे एकच अर्थ आहे : हट्टी. मग डोक्यानं काय करायचं? पाच माणसं एकाच नावानं हाक मारल्यावर उठून उभी राहिली, तर तुम्हीही गोंधळाल.

आता हे पाच जरा मराठीत नीट बसवून पाहू. स्टबर्न म्हणजे आपला हट्टी, हेकट. लहान मूल असतं, गाढव असतं, न निघणारा डागसुद्धा असतो. ऑब्स्टिनेटमध्ये दुराग्रह आहे, चूक कळूनही न सोडणारा, आडमुठा. ऑबड्युरेटच्या पोटात 'ड्युरस' हा लॅटिन शब्द बसला आहे, त्याचा अर्थ टणक. टिकाऊ या अर्थाचा ड्युरेबल त्याच घरातला. म्हणून ऑबड्युरेट म्हणजे ज्याला पाझर फुटत नाही तो. तुम्ही रडा, विनवा, पाया पडा, तो ढिम्म. टेनेशसमध्ये 'धरून ठेवणं' आहे, म्हणजे चिवट, आणि हा बहुतेक वेळा कौतुकाचा शब्द. पर्सिस्टंट म्हणजे पिच्छा न सोडणारा. विक्रेता असतो, खोकलाही असतो.

पाहिलंत? इंग्रजीचे पाच शब्द वेगळे करायला मराठीचे हेकट, आडमुठा, चिवट असे शब्द हाताशी लागले. माझा अनुभव सांगते, ज्यांचं मराठी बोथट असतं त्यांचं इंग्रजी एका मर्यादेपुढे जात नाही. अर्थांमधली फट ज्या भाषेत आपण विचार करतो तिच्यात आधी दिसावी लागते.

आता काम. रोजचे वीस बंद, पाच पुरे. वहीऐवजी पत्त्यांएवढे कागद कापा. पुढच्या बाजूला शब्द लिहू नका. एक वाक्य लिहा आणि शब्दाची जागा मोकळी ठेवा. उदाहरणार्थ ऑबड्युरेटसाठी : 'आईनं तीनदा फोन केला, बहीण रडली, पण तो ___ राहिला.' शब्द मागे. पालथा करण्याआधी तो मनातून ओढून काढायचा, नाही आला तरी दहा सेकंद झटापट करायची. वाचून वाचून ओळख वाढते, पण आठवण वाढते ती आठवायला लागल्यावरच. मग सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली खोक्यांची युक्ती. पहिल्या खोक्यातले कागद रोज, दुसऱ्यातले दोन-तीन दिवसांनी, तिसऱ्यातले आठवड्यानं. आठवला तर पुढच्या खोक्यात, अडलात तर थेट पहिल्यात. अकराशेंपैकी जे खरोखर गेलेत ते जाऊ द्या. ते पुन्हा वाचनात भेटतील तेव्हा कागद करा.

प्रश्न : लॅटिन-ग्रीक मूळ शब्द शिकले की हजारो शब्द आपोआप येतात असं ऐकलं. खरं आहे का? माझं संस्कृत बरं आहे. (एक निवृत्त शिक्षिका)

बाई, हजारो आपोआप येतात हे जाहिरातवाल्यांना सांगू द्या. पण तुमचं संस्कृत बरं आहे म्हणताय, तर तुमच्या हातात किल्ली आधीच आहे.

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातली साम्यं योगायोगाची असूच शकत नाहीत, तिन्ही एकाच मूळ झऱ्यातून निघाल्या असाव्यात. तेव्हापासून विद्वानांनी बरंच काम केलं आहे, आपण फक्त फळं खाऊ. ॲग्नॉस्टिक घ्या. टॉमस हेन्री हक्सली यांनी हा शब्द १८६९ मध्ये घडवला. आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो. मौज अशी की हे भाषांतर म्हणजे जवळजवळ तोच शब्द आहे. त्यातला 'अ' आणि आपला 'अ' एकच, नकाराचा. त्यातला 'ग्नॉ' आणि आपला 'ज्ञ' भाऊ-भाऊ. आपण मराठीत ज्ञचा उच्चार द्न्य करतो म्हणून ओळख पटत नाही, एवढंच. इग्नोर, कॉग्निशन, डायग्नोसिस हे सगळे याच कुळातले. आणि 'माहीत असणं' या अर्थाच्या साध्या नो या क्रियापदात सुरुवातीला जो मुका के बसतो ना, तो पूर्वी उच्चारला जायचा. तो म्हणजे त्याच ज्ञचं इंग्रजी अवशेष.

'पाहणं' या अर्थाचा लॅटिन धातू स्पेक घ्या. संस्कृतातला पश्यति त्याचाच नातेवाईक, आणि हेर या अर्थाचा स्पश हा शब्दही. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावणं. रेट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणं. सर्कमस्पेक्ट म्हणजे चौफेर पाहून मगच पाऊल टाकणारा. डिस्पाइज म्हणजे वरून खाली पाहणं, तुच्छ लेखणं. आणि माझा सगळ्यात लाडका, ऑस्पिशस. यातला 'ऑ' म्हणजे लॅटिन 'एव्हिस', पक्षी. रोममध्ये महत्त्वाच्या कामाआधी पक्ष्यांचं उडणं पाहून कौल घेत, म्हणून पक्षी पाहणं म्हणजे शुभाशुभ पाहणं. आता आपला शकुन आठवा. संस्कृतात शकुन म्हणजे आधी पक्षी! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी टेबलावरून उठून घरातल्या प्रत्येकाला सांगत फिरले होते. कुणी फारसं हललं नाही, ती गोष्ट वेगळी. पण ऑस्पिशस या जन्मात विसरणार नाही.

आता खाचखळगे. दिसतं तसं नसतं. पेडेस्ट्रियनमधला पेड म्हणजे पाय, आपला पाद. इम्पीड म्हणजे पाय अडकवणं, एक्स्पिडाइट म्हणजे अडकलेला पाय सोडवणं. पण लहान मुलांच्या डॉक्टरांच्या पेडिॲट्रिक्समधला पेड ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल. पायाशी काही संबंध नाही. तसंच इन म्हणजे नकार असं धरून बसलात, तर इन्फ्लेमेबलचा अर्थ 'न पेटणारा' होईल आणि तुम्ही त्याच्याजवळ काडी ओढाल. तिथला इन पेटण्याला जोर देतो. हा घोटाळा जिवावर बेतू नये म्हणून सुरक्षेच्या पाट्यांवर आता फ्लेमेबल लिहितात.

आणि मुळाचा अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. हे मी भरपाई करून शिकले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी निवृत्त होणाऱ्या साहेबांचं इंग्रजी मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं. 'ग्रेक्स' म्हणजे कळप हे मला नुकतंच कळलं होतं. ग्रिगेरियस म्हणजे माणसांत रमणारा, सेग्रिगेट म्हणजे कळपातून बाजूला काढणं, काँग्रिगेट म्हणजे एकत्र जमणं, सगळं कसं छान जुळत होतं. त्यातच एग्रीजस भेटला. ए म्हणजे बाहेर, ग्रेक्स म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा! हाताशी असलेल्या जुन्या कोशात पहिला अर्थही 'असामान्य' असाच होता. मी थाटात लिहिलं, आपण तीस वर्षं एग्रीजस सेवा केलीत. मानपत्र छापलं, चौकटीत बसवलं, समारंभात वाचलं गेलं. आज त्या शब्दाचा अर्थ आहे 'धडधडीत वाईट, अक्षम्य'. चुकीला लावतात, लबाडीला लावतात. साहेबांना इंग्रजी उत्तम येत होतं. जाताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, ''पोरी, कळपाबाहेर काढलंस खरं मला.''

तो शब्द चारेकशे वर्षांपूर्वी खरोखर कौतुकाचा होता. उपरोधानं वापरत वापरत उलटला. म्हणून मूळ शिकायचं ते शब्द मनात रुतावा म्हणून. आजचा अर्थ मात्र आजच्या कोशातून आणि आजच्या वाक्यांतूनच घ्यायचा.

प्रश्न : न्यूज हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांवरून आणि सिन्सिअर हा 'मेण न लावलेला' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आला, अशी पोस्ट फिरते आहे. मुलांना शिकवू का?

नको. न्यूज म्हणजे 'नव्या गोष्टी', न्यूचंच अनेकवचनासारखं रूप. यातला न्यू आपल्या नवचा भाऊ आहे, हे मुलांना सांगा, ते जास्त गमतीचं आहे. मेणाची गोष्ट गोड आहे, पण कोशकार ती मानत नाहीत. एखाद्या शब्दाची गोष्ट फारच गोळीबंद वाटली की मी तरी आधी संशय घेते.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये साधे शब्द काढून समानार्थी कोशातले वरच्या दर्जाचे शब्द घालतो. परवा एका मेलवर साहेब हसले. माझं काय चुकलं? (एक कर्मचारी)

तुमचं वाक्य असं होतं : 'आय हॅव एंडेव्हर्ड टु असर्टेन द वेअरअबाउट्स ऑफ युअर फाइल.' व्याकरणात काडीची चूक नाही. पण मराठीत ते असं ऐकू येतं : 'आपल्या नस्तीचा ठावठिकाणा निश्चित करण्यास्तव मी प्रयत्नशील राहिलो आहे.' अहो, फाइल शोधत होतात ना? मग शोधत होतो म्हणा.

यामागे इतिहास आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली, विद्वानांची लॅटिन. त्यामुळे इंग्रजीत एकाच कामाला तीन-तीन मजल्यांवरचे शब्द सापडतात. आस्क तळमजल्यावरचा, घरचा. क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, जरा औपचारिक. इंटरॉगेट लॅटिन, तो ऐकला की समोर दिवा आणि पोलीस दिसतात. आपल्याला हे नवीन नाही. मागणं घरचं, अर्ज फारसीतून आलेला, याचना संस्कृत. अर्थ पाहाल तर तिन्हींत मागणंच आहे. पण रजेची याचना कुणी करत नाही आणि देवाकडे कुणी अर्ज करत नाही. (केलाच तर विनोद म्हणून.)

तेव्हा समानार्थी कोश हा आठवण करून देणारा आहे, शिकवणारा नाही. जो शब्द तुम्हाला आधीच नीट माहीत आहे पण ऐन वेळी सुचत नाही, तो शोधायला त्याच्याकडे जा. अनोळखी शब्द तिथून उचलून थेट मेलमध्ये घातलात की असं होतं.

भारी शब्द वापरूच नये असं मात्र नाही. साध्या भाषेत पाच शब्द लागतील तिथे एक नेमका मिळत असेल तर तो घ्या. प्रोक्रॅस्टिनेट घ्या. यातला 'क्रास' म्हणजे उद्या. काम उद्यावर ढकलत राहणं, आपली चालढकल. याला तळमजल्यावर इतका चपखल पर्याय नाही, म्हणून तो मेलमध्येही खुशाल चालतो.

शिवाय शब्दाचे सोबती बघा. मराठीत झोप गाढ असते, धुकं दाट असतं, पाऊस मुसळधार असतो आणि थंडी कडाक्याची. सगळीकडे अर्थ 'खूप' हाच आहे, तरी मुसळधार थंडी म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. इंग्रजीतही पाऊस हेवी असतो, थंडी बिटर, झोप साउंड आणि धुकं थिक. या जोड्यांना नियम नाही, त्या ऐकून-वाचूनच येतात. म्हणून नवा शब्द एकटा कधीच लिहून घेऊ नका, सोबत्यासकट घ्या.

प्रश्न : कोश कुठला वापरावा, इंग्रजी-मराठी की इंग्रजी-इंग्रजी?

दोन्ही, पण क्रम महत्त्वाचा. आधी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. त्यातल्या व्याख्या साधारण दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे एका शब्दासाठी दुसरे चार शोधत बसावं लागत नाही. शब्दाखाली दिलेली उदाहरणाची वाक्यं सगळी वाचा, पहिलं वाचून पळू नका. मग कोश मिटून स्वतःचा मराठी शब्द सुचवून पाहा. सगळ्यात शेवटी इंग्रजी-मराठी कोश उघडा, कोशकाराला काय सुचलं ते बघायला. कधी तो जिंकतो, कधी तुम्ही.

स्मग या चार अक्षरी स्पेलिंगच्या शब्दानं माझे दोन दिवस खाल्ले होते. कादंबरीतला एक माणूस वादात जिंकतो आणि स्मगली हसतो. कोश म्हणाला आत्मसंतुष्ट. पण आत्मसंतुष्ट तर एखादा साधूही असेल! स्मगमध्ये स्वतःवरची खुशी चेहऱ्यावर दिसते आणि ती पाहणाऱ्याला खुपते. खुपणं हा त्या शब्दाचा अर्धा जीव आहे. तोऱ्यात हसला लिहिलं, खोडलं. शिष्टासारखा हसला, खोडलं. शेवटी लिहिलं, 'बघ, मी म्हणालो नव्हतो, असं हसला.' संपादकांनी एकाच्या जागी पाच शब्द का म्हणून विचारलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आत्ता जसे हसलात ना, तसं.

उलट बाजूनं ओशाळणं इंग्रजीत नेऊन पाहा, मग कळेल. शेम फार जड पडतं, एम्बॅरस्ड फार हलकं. असा न बसणारा शब्द सापडला की वैतागू नका. जिथे दोन भाषांचे अर्थ एकमेकांवर बसत नाहीत तिथेच शब्द खरा कळतो.

प्रश्न : इंग्रजीत लाखो शब्द आहेत. त्यातले किती आणि कोणते शिकायचे?

लाखांचं ओझं घेऊ नका. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या वापराच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणारी ५७० शब्दकुळं वेगळी काढली. ॲनालाइज, ॲनालिसिस, ॲनालिटिकल हे तिन्ही मिळून एक कूळ, असा हिशेब. उच्च शिक्षणाची पुस्तकं वाचायची असतील तर तुमची वेळ या ५७० वर सगळ्यात सार्थकी लागेल. कादंबऱ्या न अडखळता वाचायला आठ-नऊ हजार कुळं लागतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे, पण ती याद्यांतून येत नाहीत, कादंबऱ्यांतूनच येतात.

प्रश्न : आपण इंग्रजी शब्द घेतच राहतो. इंग्रजीनं मराठीकडून एखादा तरी घेतला आहे का? (वय ११, सहावी)

घेतला आहे, आणि तो चावतो. मुंगूस! इंग्रजी कोशात मंगूस या शब्दापुढे मराठी मूळ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आता गंमत बघ. इंग्रजीत गूस म्हणजे हंसासारखा पक्षी आणि त्याचं अनेकवचन गीस. मंगूसच्या शेपटीला गूस दिसतो म्हणून पुष्कळ जण मंगीस करून बसतात. पण मुंगसाचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही, म्हणून बरोबर अनेकवचन मंगूसेस. वर्गात कुणी मंगीस म्हणालं तर सांग, मुंगूस आमचं आहे. पण सांगताना स्मगली हसू नकोस.